दुकानाचं वय

मास्तरांची पुस्तिका अठ्ठेचाळीस पानांची आहे. गुळगुळीत कागद, वर इमारतीचा रंगीत फोटो आणि फोटोखाली ठळक अक्षरात 'शतकाची साक्षीदार'. ताईच्या शिलाई मशीनवर ती पडली होती म्हणून मी उचलली, आणि पहिल्याच पानाला मला असं हसू फुटलं की ताईने मशीन थांबवून वर बघितलं.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला आणि त्यातलं एक सालही स्वतः तपासून पाहिलं नाही. जनरल स्टोअर्सच्या धाकट्या मालकाने त्यांना दुकानात खुर्ची दिली, पंखा लावून दिला, वेळेवर चहा पाजला. मास्तरांनीही उपकार ठेवले नाहीत. त्या इमारतीला त्यांनी एकशे पाच वर्षांची करून टाकली.

'घडीव दगडी खांब' असं चौथ्या पानावर आहे. ते खांब विटांचे आहेत. वर गिलावा आहे, आणि गिलावा ओला असताना थापीच्या टोकाने रेघा ओढून दगडाचे सांधे काढले आहेत. मला माहीत आहे, कारण त्या रेघा माझ्या बापाने ओढल्या. 'ऐसपैस जिना' असंही आहे. त्या जिन्याच्या चौदा पायऱ्यांमधली एक दुसरीसारखी नाही. मधल्या मालकाला, म्हणजे धाकट्याच्या बापाला, मेव्हण्यांना ठेवून घ्यायची पाळी आली तेव्हा वरचा मजला आठ दिवसांत चढवला, त्याची ती खूण. आणि 'दूरदृष्टीचे संस्थापक' म्हणजे मोठे मालक, धाकट्याचे आजोबा. त्यांची दृष्टी तराजूच्या काट्यापलीकडे कधी गेली नाही, पण काट्यापर्यंत मात्र फार तीक्ष्ण होती.

खरा इतिहास दोन ओळींचा आहे, तो कुणी छापणार नाही. तिथे घोड्यांचा तबेला होता, तो पडला. मोठ्या मालकांनी जागा घेतली आणि १९४६ साली माझ्या बापाने, म्हणजे गावातल्या सगळ्यात स्वस्त गवंड्याने, त्यावर दुकान बांधलं. भिंत कमरेएवढी आली होती तेव्हा ताई जन्मली, असं आई सांगायची. म्हणजे ती इमारत आणि ताई एका वयाच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बापाने रोज संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून दोन-दोन विटा घरी आणल्या आणि रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या बरोबर समोर, आमचं घर उभं केलं. मी कुणाला सोडत नाही, बापालाही नाही.

दुकानात सगळं मिळतं ही त्यांची जुनी बढाई. मिळतं खरं. खिळे, दोरखंड, वह्या, छत्र्या, कंदिलाच्या काचा, बटणं. पण रॉकेलचं पिंप बिस्किटांच्या डब्याला आणि बिस्किटांचे डबे साबणाला खेटून असल्यामुळे तीन पिढ्या या गावाने साबणाच्या वासाची बिस्किटं खाल्ली आणि रॉकेलच्या वासाच्या साबणाने अंघोळ केली. कुणी तक्रार केली नाही. ह्या गावाला तक्रार करण्यापेक्षा सवय करून घेणं सोपं जातं.

आता माझं. मी पाट्या रंगवणारा. सगळे मला पेंटर म्हणतात, माझं खरं नाव रेशनकार्ड सोडून कुठे उरलेलं नाही. जनरल स्टोअर्सची दर्शनी पाटी, दहा फुटी पत्रा, मूळ माझ्या उस्तादांच्या हातची. 'जनरल स्टोअर्स' आणि खाली 'स्थापना १९४६'. उस्तादांचा चार मोठ्या पोटाचा असायचा, लांबूनही ओळखू यायचा. ते गेल्यावर ही पाटी माझ्याकडे आली आणि तीनदा मीच ती नव्याने रंगवली.

पहिल्यांदा मधल्या मालकांनी बोलावलं. नाक्यावर कापडवाल्याने दुकान टाकलं होतं आणि पाटीवर 'स्थापना १९३८' असं लिहून घेतलं होतं. मधले मालक म्हणाले, "आपलं छत्तीस कर." मी म्हणालो, "मालक, सेहेचाळीस आहे." ते म्हणाले, "तुला अक्षरं काढायला बोलावलंय की वय सांगायला?" मी छत्तीस केलं. पुढच्या खेपेला त्यांना आणखी दहा वर्षं हवी होती, सव्वीस केलं. मग ते गेले, धाकटा गादीवर आला, आणि त्याने आल्या आल्या एकोणीस करून घेतलं. माणसं वय चोरतात, हे दुकान दर रंगाला म्हातारं होत गेलं. मी शिडीवर उभा राहून मनातल्या मनात त्या बापलेकांना हसलो आणि ब्रश चालवला. खोटं त्यांचं, वळण माझं, असा माझा हिशेब होता.

हे सगळं असंच हसण्यावारी गेलं असतं. पण नगरपालिकेने रस्ता रुंद करायचा काढला. ट्रकांना वळायला बारा फूट हवे होते. ते दुकानाच्या बाजूने घ्यायचे किंवा समोरच्या. शंभर वर्षांवरच्या वास्तूला हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि नगरपालिकेचं जुनं दफ्तर गळक्या छपराखाली ठेवल्यामुळे कधीच लगदा होऊन गेलेलं. म्हणजे दुकानाचं वय सांगायला उरलं कोण? मास्तरांची पुस्तिका. आणि मास्तरांनी वय कुठून घेतलं? पाटीवरून. तळटीप दिली आहे बेट्याने, 'मूळ फलकावरील नोंदीनुसार'.

समोरच्या ओळीत चार घरं. त्यातल्या तीन घरांचे मालक कधीच बाहेरगावी गेलेत, त्यांना मोबदला मिळाला की झालं. राहणारी खरी एकटी ताई. तिचे यजमान गेल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, ती आमच्या त्याच बापाच्या घरात पुढच्या खोलीत शिवणकाम करते. मशीन खिडकीला लावलेलं. बाया खिडकीतूनच कापड देतात आणि ती नजरेने माप घेते, टेप नावाला गळ्यात. घर गेलं तर तिला बाजारापलीकडच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळणार होती. तिचे गुडघे उंबऱ्याला कुरकुरतात. तिसऱ्या मजल्यावर गेली की ती खाली येणार नाही आणि कापड वर जाणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्या दिवशी मी पुस्तिका वाचून हसत होतो आणि एकेकाची साल काढत होतो. ताई ऐकत होती. मग दाताने दोरा तोडून म्हणाली, "तू तो पत्रा खरवडलाच नव्हतास ना रे?"

माझं हसणं तिथेच बंद झालं.

हे नीट सांगायला हवं. पाटी नव्याने करायची तर जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा, मग रंग. नाहीतर पापुद्रे सुटतात. 'पेंटर पत्र्यापर्यंत जातो' ही माझी पन्नास वर्षांची ख्याती. पोरांना शिकवताना मी हेच बजावत आलो. जनरल स्टोअर्सच्या पाटीलाही मी दर वेळी खरवडायचे म्हणून दोन दिवस मागून घेतले, आणि ते दोन दिवस पाटी परसात उन्हात टाकून ताईच्या खोलीत चहा पीत बसलो. जुन्यावरच प्रायमर, त्यावरच रंग. असल्या लोकांसाठी हात का झिजवा, असं मला वाटायचं. जगाच्या लबाडीवर नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाची ही लबाडी फक्त ताईने पाहिली होती, आणि इतकी वर्षं तिने ती तोंडावर आणली नव्हती.

"म्हणजे खालचं सगळं आहे अजून तिथे," ती म्हणाली.

"आहे."

"सेहेचाळीसपण."

"असेल. पण ताई, मग मला चारचौघांत सांगावं लागेल."

"हो. लागेल."

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

ताईने पुन्हा मशीन चालू केलं. तिने विनवणी केली असती तर मी भांडलो असतो, मला ते सोपं गेलं असतं. तिने विनवणी केली नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर ती रिळांचा खण रिकामा करून रिळं एका पिशवीत भरत होती. काळी एकीकडे, पांढरी एकीकडे. तिसऱ्या दिवशी कात्र्या बांधलेल्या दिसल्या. मी म्हटलं, "सोड ते. सांगतो."

रस्त्याची सुनावणी नगरपालिकेने एका सकाळी दुकानाच्या ओट्यावरच ठेवली. नगरपालिकेचा इंजिनियर फाईल घेऊन आला, चांगला सरळ पोरगा होता. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून पुस्तिका वाटत होते. धाकटा मालक सगळ्यांना थंड पाणी देत होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं. साल मी तीनदा बदललं, मालकांच्या सांगण्यावरून. पत्रा मी एकदाही खरवडला नाही. खरं साल अजून खाली आहे, बघायचं तर बघा.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पेंटर पत्र्यापर्यंत जातो!" आणि ओटा हसला. माझ्या हाताखाली शिकलेला एकजण खाली मान घालून गर्दीतून निघून गेला. मास्तर म्हणाले, "हे तर हात दाखवून अवलक्षण झालं." मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या पुस्तिकेला पुरवणी लागेल, पेन्सिल काढून ठेवा." माझी जीभ अशा वेळीही गप्प बसत नाही.

शिडी लावली. आधी टर्पेंटाइनचा बोळा, मग रंग खरवडायची पत्री. 'एकोणीसशे एकोणीस' सुटलं, त्याखाली माझंच 'सव्वीस' निघालं, त्याखाली 'छत्तीस'. प्रत्येक सालाला खाली कुजबुज व्हायची. जवळजवळ तासाने उस्तादांचं अक्षर दिसू लागलं. आधी एक, मग नऊ, मग तो मोठ्या पोटाचा चार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, टर्पेंटाइनचंही असेल. खाली इंजिनियरने मान वर करून वाचलं, "एकोणीसशे सेहेचाळीस." फाईल उघडली, लिहिलं. म्हणाला, "शंभर होत नाहीत. मग प्रश्नच मिटला. रस्ता ह्या बाजूने घेऊ."

समोर खिडकीत ताई उभी होती. तिने फक्त मान हलवली. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच शिडीवर बिडी पेटवावी असं मनात आलं, पण हाताला टर्पेंटाइन होतं.

मी एक पायरी उतरलो असेन. धाकट्याचं तोंड पडलं होतं. जाता जाता काहीतरी चावायला हवं म्हणून तो म्हणाला, "बघा साहेब, अर्ध्यावरच उतरले. आयुष्यात एक काम ह्यांच्याने पुरं झालं नाही. आजसुद्धा पत्र्यापर्यंत काही गेले नाहीत."

पुन्हा हशा पिकला.

मी थांबलो. शहाणा माणूस उतरला असता. काम झालं होतं, कागदावर आलं होतं. पण ह्या माणसाच्या आज्याने रॉकेलच्या साबणावर घर बांधलं, बापाने सालं चोरली, आणि ह्याने तर काहीच केलं नाही, आयत्या गादीवर येऊन बसला. तो मला कामचुकार म्हणणार? तेही मी चारचौघांत कबुली दिली त्याच दिवशी? माझं डोकं फिरलं. मी परत वर चढलो.

"अरे, झालं ना काम," ताई खिडकीतून ओरडली. "पुरे आता. ये खाली."

"थांब गं," मी म्हटलं. "एकदा ह्यांना पत्रा दाखवूनच येतो."

उस्तादांचं अक्षर खरवडताना हात जड झाला, हे खोटं सांगत नाही. पण खरवडलं. आयुष्यात पहिल्यांदा एक काम मी पूर्ण करत होतो आणि ते फार छान चाललं होतं. उस्तादांचा पिवळा रंग गळून पडला. त्याखाली करडा पत्रा लागायला हवा होता. हिरवा लागला. हिरव्यावर पांढरं होतं. मी बोळा फिरवला आणि वाचून माझे हात थांबले, पण तोवर खालच्यांनीही वाचलं होतं.

'जनरल स्टोअर्स. स्थापना १९०८.'

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. पत्र्याच्या डाव्या कडेला एक अर्धं अक्षर होतं, कात्रीने कापलेलं. मोठ्या मालकांनी नवा पत्रा घेतलाच नव्हता. कुठल्या तरी बाहेरगावच्या बंद पडलेल्या दुकानाची पाटी भंगारातून उचलली, नाव होतं तेवढा तुकडा कापून टाकला, उरलेला उस्तादांना रंगवायला दिला. आणि उस्ताद, ज्यांची मी आयुष्यभर शपथ घेतली, त्यांनीही तो खरवडला नाही. वरून पिवळा फासला. मला वाटायचं, ही सवय माझी एकट्याची आहे.

"साहेब, हा दुसऱ्याच दुकानाचा पत्रा आहे," मी शिडीवरूनच सांगू लागलो. "ही कड बघा. अक्षर कापलंय. नाव कापून टाकलंय. तुम्ही वर या, बघा."

इंजिनियर वर आला. कड पाहिली, बोट फिरवलं. खाली उतरून त्याने फाईल पुन्हा उघडली.

"आजोबा," तो म्हणाला, "असेलही तसं. पण तासाभरापूर्वी तुम्हीच सांगितलंत की ह्या पाटीवर तुम्ही तीनदा खोटं लिहिलंत आणि काम न करता केल्याचं सांगितलंत. आता तुमच्या तोंडच्या शब्दावर मी काय लिहू? सर्वांत खालचं साल धरायचं, हे तुमच्याच म्हणण्यावरून ठरलं."

"पण सेहेचाळीस तुम्ही लिहिलं होतंत!"

"लिहिलं होतं. त्याच्याखाली हे निघालं."

धाकट्याला आधी काही समजलंच नाही. त्याला बिचाऱ्याला पाटीतलंही काही ठाऊक नव्हतं आणि आज्यातलंही. तो माझ्याकडे बघत होता, मग मास्तरांकडे, मग हळूहळू त्याचं तोंड उजळलं. मास्तरांनी खरंच पेन्सिल काढली आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला 'एकशे सोळा' असं लिहून खाली रेघ मारली. मला त्या दोघांचा राग यायला हवा होता. आला नाही. आयुष्यभर मी ज्यांना तुच्छ समजलो ते सगळे ओट्यावर रांगेने उभे होते आणि त्यांच्यातल्या एकानेही हे केलं नव्हतं. हे मी केलं होतं. मला माझीच किळस आली.

समोर पाहिलं तर खिडकीत ताई नव्हती.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेचा शिपाई निरोप घेऊन आला. समोरच्या चार घरांवर पाडकामाचे नंबर टाकायचे होते, आणि गावात पेंटर मी एकच. मी नाही म्हणून सांगून पाठवलं. संध्याकाळी ताईने बोलावलं.

"तूच टाक," ती म्हणाली. "तू नाही टाकलास तर कुणीतरी येऊन भिंत घाण करून जाईल."

"ताई, मला नाही जमणार."

"जमेल. लाल डबा आण."

पहिल्या तीन घरांना वेळ लागला नाही. आमच्या घरापाशी ती बाहेर येऊन उभी राहिली, एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात माझा डबा. मी दाराशेजारी चार काढला. रंग भिंतीत मुरला म्हणून त्यावरून पुन्हा फिरवला. मग कडा धरल्या. मग पोट जरा भरलं. मग पुन्हा वरून फिरवायला ब्रश बुडवला, कारण थांबलो की तिच्याकडे बघावं लागणार होतं.

"पुरे आता," ताई म्हणाली, आणि ह्या खेपेला तिने ब्रश माझ्या हातातून काढून घेतला.